तेविसाव्या चालीनंतरची अकरा मिनिटं

स्कोअरशीटवर, म्हणजे बुद्धिबळाच्या डावातल्या चाली लिहायच्या कागदावर, तीन ठिकाणी (=) अशी खूण होती. बरोबरीचा प्रस्ताव दिला की ही खूण शीटवर करायची असते, आणि माझ्या विद्यार्थिनीने ती प्रामाणिकपणे केली होती. चौदाव्या चालीवर एक, विसाव्यावर एक आणि चोविसाव्यावर एक. तिन्ही वेळा समोरून नकार आला. पन्नासाव्या चालीनंतर तिने डाव सोडला.

शीट माझ्या हातात देताना ती एवढंच म्हणाली, "सर, ते खूपच भारी होते." शीट वाचल्यावर मला तसं वाटलं नाही. समोरचे खेळाडू चांगले होते, यात शंका नाही. पण हा डाव त्यांच्या ताकदीने जिंकला गेला नव्हता. हा डाव इतका वेळ माझ्या डोक्यात राहिला की शेवटी तो नीट लिहून काढायचं ठरवलं. शक्य असेल तर पट समोर मांडून वाचा.

परिस्थिती अगदी नेहमीची. स्विस पद्धतीची रेटिंग स्पर्धा (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा, निकालांवरून बदलणारा आकडा), पहिली फेरी. स्विसमध्ये पहिल्या फेरीत रेटिंगच्या क्रमाने लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी क्रमाने जोडला जातो. साठ खेळाडू असतील तर पहिला एकतिसाव्याशी, दुसरा बत्तिसाव्याशी. त्यामुळे पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक पटावर असमान जोडी बसते. माझ्या विद्यार्थिनीचं वय सतरा, रेटिंग १५२०. समोरच्यांचं रेटिंग २१३५. पांढरी मोहरी तिच्याकडे. वेळ प्रत्येकी ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर.

६१५ गुणांचा फरक म्हणजे नक्की किती? आर्पाद एलो यांच्या पद्धतीत, जी जागतिक बुद्धिबळ महासंघाने म्हणजे फिडेने १९७० मध्ये स्वीकारली, दोन रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित गुण काढता येतात. मूळ सूत्राने ६१५ च्या फरकाला कमजोर खेळाडूकडून शंभर डावांत साधारण ३ गुणांची अपेक्षा असते. म्हणजे ती हरणार, हे गृहीतच. पण रेटिंगचा हिशेब करताना फिडेचा एक नियम आडवा येतो. या पातळीवर ४०० पेक्षा जास्त फरक असला तरी तो ४०० च धरला जातो, आणि ४०० ला कमजोर खेळाडूची अपेक्षा ०.०८ असते. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूचा के-गुणांक ४०, म्हणजे मिळालेला गुण (विजयाला १, बरोबरीला अर्धा) आणि अपेक्षा यांतल्या फरकाला ४० ने गुणायचं. आता आकडे मांडा. ती हरली तर ३.२ गुण जातात. बरोबरी झाली तर १६.८ मिळतात. जिंकली तर ३६.८. समोरच्यांचा के-गुणांक २०. त्यांना जिंकून १.६ मिळणार, बरोबरीत ८.४ जाणार आणि हरले तर १८.४.

हे आकडे मी तिला डावाआधी दाखवायला हवे होते. दाखवले नाहीत. उलट मी तिला सांगितलं होतं, "तगडा समोर आला की साधं खेळ, मारामारी करून टाक." मारामारी म्हणजे सारखी मोहरी एकमेकांना मारून पटावरून कमी करणं. हे वाक्य मी आजवर किती मुलांना सांगितलं असेल, मोजता येणार नाही. या डावात त्या वाक्याचं काय झालं, ते पुढे येतंच. त्या पटावर गमवायला कोणाकडे काय होतं, हे ३.२ आणि १८.४ हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं. घाबरायचंच असेल तर ते दुसऱ्या बाजूने घाबरायला हवं होतं.

सुरुवात फ्रेंच बचावाची. (चाली वाचताना: अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी रांग; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची; दोन अक्षरं असतील तर पहिलं मोहरं जिथून निघतं तो स्तंभ; × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, आणि आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल.) १. ई४ ई६ २. डी४ डी५, आणि इथे तिने ३. ई×डी५ ई×डी५ करून एक्स्चेंज पद्धत घेतली. ही पद्धत वाईट नाही, कास्पारोव्हसारख्या जगज्जेत्यानेही ती जिंकण्यासाठी वापरली आहे. पण तिने ती का निवडली हे मी विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "बरोबरी व्हावी म्हणून." नेहमी ती तिसऱ्या चालीला घोडा सी३ खेळते, त्यातल्या गुंतागुंतीची तिला सवय आहे, आणि त्या ओळी तिच्या तोंडपाठ आहेत. रेटिंग बघून तिने आपलं घर सोडलं आणि अनोळखी, पण शांत दिसणाऱ्या ठिकाणी जाऊन बसली.

बरोबरीसाठी एक्स्चेंज फ्रेंच खेळून फसलेल्यांत फार मोठी नावं आहेत. १९९० च्या मनिला इंटरझोनलमध्ये, म्हणजे जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत, शेवटच्या फेरीत मिखाईल गुरेविचला पुढे जायला बरोबरी पुरेशी होती. पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याने नायजेल शॉर्टविरुद्ध हीच पद्धत घेतली आणि तो हरला. शॉर्ट पुढे गेला आणि १९९३ मध्ये कास्पारोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना खेळला. गुरेविच आणि शॉर्ट जवळपास तोडीस तोड होते, म्हणून रेटिंगच्या फरकाची तुलना इथे लागू नाही. पण समान पट म्हणजे सुरक्षित पट, ही समजूत तिथेही तीच होती.

पुढच्या चाली: ४. घोडा एफ३ घोडा एफ६ ५. उंट डी३ उंट डी६ ६. दोघांचं राजाच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल) ७. उंट जी५ उंट जी४ ८. घोडा बीडी२ घोडा बीडी७ ९. सी३ सी६ १०. वजीर सी२ वजीर सी७. आरशात बघावं तसा पट. ११. उंट एच४ उंट एच५ १२. उंट जी३ उंट×जी३ १३. एच×जी३ उंट जी६ १४. उंट×जी६ एच×जी६, आणि चौदावी चाल करताना पहिला प्रस्ताव. चारही उंट गेले, दोघांची जी स्तंभावर दुहेरी प्यादी. प्रस्तावाला उत्तर म्हणून समोरच्यांनी फक्त मान हलवली आणि प्याद्याने उंट मारला.

चौदाव्या चालीला प्रस्ताव देण्यात नियमाने काही चूक नाही. पण त्या प्रस्तावाने समोरच्याला काय कळलं? पांढऱ्या बाजूने बसलेली, काहीही वाईट न झालेली खेळाडू अर्धा गुण घेऊन घरी जायला तयार आहे, हे कळलं. तिथून पुढे त्यांना धोका घ्यायची गरजच उरली नाही. नुसतं खेळत राहायचं आणि ती स्वतःहून काय काय देते ते बघायचं.

आता हत्तींचं बघू. १५. हत्ती एफई१ हत्ती एफई८ १६. हत्ती×ई८+ हत्ती×ई८ १७. हत्ती ई१ हत्ती×ई१+ १८. घोडा×ई१.

या तीन चाली मी मुलांना नेहमी थांबवून दाखवतो, कारण मारामारी ही फुकट नसते. सोळाव्या चालीला तिने हत्ती मारला, तेव्हा काळ्याचा ए८ वर झोपलेला हत्ती परत मारण्याच्या निमित्ताने ई८ वर आला. एकही चाल खर्च न करता मोकळा स्तंभ त्याच्या ताब्यात गेला. मग तो स्तंभ परत मिळवायला तिला हत्ती ई१ वर आणावा लागला, काळ्याने मारलं, आणि एफ३ वरचा तिचा उत्तम घोडा ई१ या मागच्या घरात ओढला गेला. मोहरी सारखीच गेली, पण चाली काळ्याने कमावल्या. सोळाव्या चालीला हत्ती न मारता तिने राजा एफ१ सारखी एखादी चाल केली असती आणि मारायचं काम त्यांच्यावर सोपवलं असतं, तर परत मारताना तिचाच दुसरा हत्ती ई१ वर आला असता. ताण धरून ठेवणं हा कौशल्याचा भाग आहे, आणि भीती सगळ्यात आधी तोच सोडायला लावते.

१८...वजीर बी६ १९. वजीर बी३ वजीर×बी३ २०. ए×बी३.

वजीरही गेले. मारामाऱ्यांचा हिशेब केला तर उंटांची दुसरी जोडी सोडून प्रत्येक वेळी पुढाकार तिचा होता. विसाव्या चालीला तिने प्याद्याने मारलं. "प्यादं मध्याकडे घ्यावं" हा नियम तिच्या डोक्यात होता, आणि नियम म्हणून तो बरोबरच आहे. पण इथे घोडा×बी३ करून प्याद्यांची रांग शाबूत राहिली असती. ए×बी३ नंतर तिची बी२ आणि बी३ अशी दुहेरी प्यादी झाली आणि काळ्याच्या ए७ प्याद्यासमोर अडवायला कोणी उरलं नाही. बरोबरी गेली नव्हती. सममिती मात्र गेली होती, आणि ती काळ्याच्या बाजूने गेली होती. याच चालीवर दुसरा प्रस्ताव आणि दुसरा नकार.

या टप्प्यावर पटावर काय होतं: पांढऱ्याचा राजा जी१, घोडे डी२ आणि ई१, प्यादी बी२, बी३, सी३, डी४, एफ२, जी२, जी३. काळ्याचा राजा जी८, घोडे डी७ आणि एफ६, प्यादी ए७, बी७, सी६, डी५, एफ७, जी७, जी६. यानंतर २०...राजा एफ८ २१. राजा एफ१ राजा ई७ २२. राजा ई२ राजा ई६ २३. घोडा डी३ घोडा बी६.

थांबा. हीच ती जागा.

ती शीटवर दर काही चालींनी घड्याळाची वेळ लिहून ठेवते, ही सवय मी लावली आहे. तेविसाव्या चालीनंतर तिच्याकडे ४७ मिनिटं होती. समोरच्यांकडे ९३. डाव सुरू झाला तेव्हा ९० होती! दर चालीला मिळणारे ३० सेकंदही ते पूर्ण वापरत नव्हते. तेवीस चाली त्यांनी जवळजवळ न थांबता खेळल्या होत्या. हात पुढे जात होता, चाल होत होती. घोडा बी६ हीदेखील तशीच चाल. कल्पना रास्त होती: बी६ वरून सी८, मग डी६, आणि तिथून घोडा ई४, सी४ आणि एफ५ या घरांवर नजर ठेवेल. फक्त या घोड्याने डी७ सोडल्याबरोबर सी५ वरचा पहारा उठला, आणि राजा ई६ वर उभा होता.

२४. घोडा सी५+. शह, आणि त्याच वेळी बी७ वर हल्ला. बी७ ला कोणाचाच आधार नाही.

आपण एकेक उत्तर बघू, कारण याच ठिकाणी तिने अकरा मिनिटं घालवली. राजा डी६ वर गेला तर घोडा×बी७ हाच पुन्हा शह. राजा सी७ वर येऊन घोड्यावर हल्ला करेल, घोडा सी५ वर परत, आणि पांढरा एका प्याद्याने पुढे. राजा एफ५ वर गेला तर घोडा×बी७ नंतर घोडा डी६+ ची धमकी आहे, त्यात एफ७ सुद्धा जातं. राहिला राजा ई७. मग घोडा×बी७, आणि काळा घोडा बी६ वरून डी७ वर परत येतो. तिला हीच ओळ खटकली. बी७ वरून घोड्याला चार घरं: ए५, सी५, डी६, डी८. डी६ आणि डी८ राजाच्या ताब्यात, सी५ वर डी७ च्या घोड्याची नजर. "माझा घोडा कोंडला जाईल असं वाटलं," ती म्हणाली. चौथं घर, ए५, तिने बघितलंच नाही. घोडा ए५ वर गेला की तो सुखरूप आहे आणि वर सी६ च्या प्याद्यावर हल्ला करतो. राजा डी६ वर येऊन ते वाचवेल, मग बी४ खेळून घोडा पक्का. इतकंच काय, सी५ सुद्धा बंद नव्हतं. तिथे काळ्याने मारलं तर डी४ चं प्यादं परत मारतं.

चार घरांपैकी तीन बघायची आणि चौथं राहून जायचं, हे कुणाचंही होतं. मला ते गंभीर वाटत नाही. गंभीर वाटलं ते तिचं पुढचं वाक्य. मी विचारलं, अकरा मिनिटं काय करत होतीस? ती म्हणाली, "घोडा सी५ दिसत होता. पण सर, २१३५ चा माणूस असं प्यादं फुकट देईल का? त्यांनी बघितलंच असणार. म्हणजे काहीतरी असणार." आणि मग ती त्या "काहीतरी"च्या शोधात होती. अकरा मिनिटं तिने चालीची खातरजमा केली नाही, सापळ्याची खातरजमा केली. शोधणारा जे शोधायला निघतो ते त्याला सापडतंच. तिला कोंडलेला घोडा सापडला.

डाव संपल्यावर दोघं नेहमीप्रमाणे विश्लेषणाला बसले होते. तिने धीर करून ती चाल दाखवली. समोरचे गृहस्थ पटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला दिसलीच नव्हती." सभ्य माणूस. लपवलं नाही त्यांनी, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

मी एक साधी गोष्ट करून बघितली. दुसऱ्या दिवशी तीच जागा पटावर मांडली आणि १२०० च्या आसपास रेटिंग असलेल्या, तिच्याहून बऱ्याच लहान असलेल्या एका मुलाला बोलावलं. कोण खेळत होतं ते सांगितलं नाही. "पांढऱ्याची चाल" एवढंच म्हणालो. त्याने मिनिटाच्या आत घोडा उचलून सी५ वर ठेवला. तो तिच्यापेक्षा चांगला खेळतो का? नाही, दहापैकी आठ डाव ती त्याच्याविरुद्ध जिंकेल. त्याला फक्त पट दिसत होता. तिला पटामागे २१३५ हा आकडा दिसत होता.

तिने काय खेळलं? २४. घोडा एफ४+, आणि तिसरा प्रस्ताव. नियमात एक तरतूद आहे की वाजवीपेक्षा जास्त वेळा बरोबरी मागून समोरच्याला त्रास देता येत नाही. तशी तक्रार होऊ शकली असती. त्यांनी केली नाही. त्यांनी राजा डी६ वर नेला आणि पुढची चाल, २५. घोडा डी३ राजा सी७. दार बंद. बी७ ला राजाचा आधार मिळाला आणि तिची संधी परत कधी आली नाही. मला वाटतं, तिच्या घोड्याने ई६ च्या राजाला शह दिला तेव्हाच ई६ वर राजा किती उघडा आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा घड्याळ वापरायला सुरुवात केली. सव्विसाव्या चालीला चौदा मिनिटं घेतली, हेही तिच्या शीटवर आहे.

इथून बेचाळिसाव्या चालीपर्यंतचा भाग मी भराभर सांगतो, कारण तो बलवान खेळाडू कमजोर खेळाडूविरुद्ध जसा खेळतो तसाच आहे. ए प्यादं पुढे सरकलं. बी२ आणि बी३ सांभाळण्यात तिची मोहरी अडकली. एकतिसाव्या चालीला तिने घोड्यांची एक जोडी काढली, पुन्हा स्वतःहून. वजिराच्या बाजूची प्यादी एकमेकांना खात गेली आणि अडतिसाव्या चालीला तिचं एक प्यादं कायमचं गेलं. तिच्याकडे डी४, एफ२, जी२, जी३ उरली. काळ्याकडे ए५, डी५, एफ७, जी७, जी६. शिवाय प्रत्येकी एक घोडा.

त्रेचाळिसाव्या चालीला तिने डी६ वरच्या काळ्या घोड्यावर आपला घोडा मारला, काळ्या राजाने परत मारलं. तिचा राजा डी३ वर, काळ्याचा डी६ वर, पटावर फक्त प्यादी. "मोहरी कमी झाली की बरोबरी जवळ येते ना?" हा तिचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न माझ्याच वाक्यातून जन्मलेला होता.

प्याद्याने मागे असाल तर प्यादी मारावीत, मोहरी नव्हे. कारण साधं आहे. शेवटचं प्यादं उरलं की घोडा त्याच्यावर बळी देता येतो, आणि नुसत्या राजा आणि घोड्याने मात होत नाही. तिचा घोडा हा तिचा शेवटचा विमा होता. राजाच्या बाजूची प्यादी जमेल तितकी मारायची, काळ्याकडे एक-दोनच उरली की घोडा देऊन टाकायचा, हा एक रस्ता तरी शिल्लक होता. तो सुटला असता की नाही हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, घोड्यांच्या शेवटात दूरचं प्यादं फार छळतं. पण घोडे गेल्यावर मात्र काही बघायचंच उरत नाही: ४४. राजा सी३ राजा ई६ ४५. राजा बी३ राजा एफ५ ४६. राजा ए४ राजा ई४ ४७. राजा×ए५ राजा×डी४. ए प्याद्याने तिचा राजा पटाच्या काठाला ओढून नेला, आणि तेवढ्यात काळ्या राजाने मधलं प्यादं खाल्लं. ४८. राजा बी४ राजा डी३ ४९. राजा बी३ डी४ ५०. राजा बी२ राजा डी२. तिने घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

या डावाला "अपेक्षेप्रमाणे निकाल" म्हणून पुढे जाता आलं असतं. स्पर्धेच्या निकालपत्रकात तो तसाच दिसतो, ०–१, रेटिंगमध्ये ३.२ ची घट. पण ६१५ गुणांचा तो फरक पटावर कुठे दिसला, ते मी शोधत बसलो होतो. पहिल्या तेवीस चालींत समोरच्यांनी एकही खास चाल केली नाही. खास काही करायची वेळच तिने येऊ दिली नाही, कारण प्रत्येक वळणावर ती स्वतः थोडं थोडं देत गेली. आधी आपलं ओपनिंग दिलं, मग हत्तींच्या मारामारीत चाल दिली, मग प्याद्यांची रचना दिली. आणि जेव्हा त्यांनी एकदा उघड चूक केली, तेव्हा तिने त्या चुकीवर विश्वास ठेवला नाही. बलवान खेळाडूही चुका करतात. त्या कमी असतात, पण असतात. २१३५ हा आकडा माणूस सरासरी कसा खेळतो ते सांगतो. तेविसाव्या चालीला त्याने काय बघितलं, हे तो आकडा सांगू शकत नाही.

उलट बाजूही लिहायला हवी. काही मुलं बलवान खेळाडू समोर आला की पहिल्या दहा चालींत मोहरा बळी देऊन राजावर तुटून पडतात. त्यांना वाटतं, गमवायला काही नाही तर आगच लावू. तोही रेटिंगशीच खेळलेला डाव असतो, फक्त दिशा उलटी. त्यांचे डाव पंचविसाव्या चालीच्या आत संपतात आणि त्यातून शिकायला फारसं काही उरत नाही. तिच्या डावात निदान शिकायला तेविसावी चाल होती.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक माझी: "मारामारी करून टाक" हे वाक्य मी बंद केलं. त्याऐवजी प्रत्येक मारामारीआधी एक प्रश्न विचारायला सांगतो, परत मारणारं मोहरं आधीपेक्षा चांगल्या घरात जातं की वाईट? दुसरी तिची: समोरच्याची चाल झाली की आधी शह आणि मारण्याच्या चाली स्वतःच्या डोळ्यांनी पूर्ण बघायच्या, घोडा असेल तर त्याची सगळी घरं मोजून, आणि "त्यांनी बघितलं असणार" हा विचार आला की तो तिथेच सोडून पुन्हा मोजायला लागायचं. सांगायला सोपं आहे. करायला तिला महिने लागले.

चार महिन्यांनी तशीच पहिली फेरी आली. काळी मोहरी, समोर २०७० च्या वरचं रेटिंग. ती आपला नेहमीचा सिसिलियन बचाव खेळली. एकोणिसाव्या चालीला तिने एक प्यादं जिंकलं, सव्विसाव्याला वेळेच्या ताणात ते परत दिलं, आणि हत्तींच्या शेवटात ६४ चालींत हरली. शीट तिने माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच पट मांडला, सव्विसाव्या चालीपर्यंत भराभर खेळून दाखवलं आणि थांबली. "इथे हत्ती डी२ वर जायला हवा होता ना?" मी शीट उचलून बघितलं. एकही (=) नव्हता. मग आम्ही हत्ती डी२ वर ठेवला आणि बघायला बसलो.